अप्पांना कालचं आठवत नाही, पण मग उद्याचंही का दिसत नाही?

जेकॉर्ड_अशोकचौक

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचे अप्पा चाळीस वर्षं जेकॉर्डच्या चादरींची डिझाइनं काढायचे. ग्राफ पेपरवर एकेक घर रंगवायचं, त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची आणि मग ती कार्डं मागावर चढायची. सोलापूरच्या पूर्व भागात त्यांच्या हातचे मोर अजून विणले जातात. दोन वर्षांपूर्वी त्यांना ताप चढला, तिसऱ्या दिवशी असंबद्ध बोलायला लागले, दवाखान्यात नेलं तर मेंदूला सूज, एन्सेफलायटिस. हर्पीसचा विषाणू निघाला. वाचले हेच खूप. पण एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसला इजा दिसली आणि डॉक्टर म्हणाले नवीन आठवणी टिकणं अवघड आहे.

तसंच झालं. सकाळी खाल्लेले धपाटे दहा वाजता आठवत नाहीत, मुलगी माहेरी येऊन गेली तरी संध्याकाळी विचारतात ती कधी येणार. याची आता घराला सवय झालीय. पण परवा वेगळंच घडलं. पूर्वी डिसेंबर लागला की अप्पांचं गड्ड्याचं, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर जत्रेचं, सुरू व्हायचं, अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्याजवळ जागा मिळवायची तर किती वाजता निघायचं, होम मैदानावर दारूकाम बघायला वाऱ्याच्या कुठल्या बाजूला थांबायचं, नातवाला खांद्यावर कोण घेणार, सगळं महिनाभर आधी ठरलेलं. म्हणून मी सहज विचारलं.

"अप्पा, गड्डा आला. यंदा गेल्यावर काय काय करायचं?"

"जत्रा असती की."

"हां, पण आपण पोचलोय असं समजा. काय दिसतंय?"

"गर्दी असती. नंदीध्वज असतात." थांबले. भिंतीकडं बघत बसले बराच वेळ. मग म्हणाले, "पुढं काय दिसत नाही रे. कोरं हाय."

त्या रात्री मला झोप नाही आली. आठवण म्हणजे मागचं. बेत म्हणजे पुढचं. इजा झाली आठवणीच्या जागेला, मग बेत का गेला? या दोन गोष्टींचा मेंदूत काही संबंध आहे का? कुणाला माहिती असेल, अनुभव असेल तर लिहा.

शेंगाचटणी

वाचून वाईट वाटलं. अप्पांना नमस्कार सांगा. आजारपणानंतर मन उदास असतं, कशात रस वाटत नाही, तसं तर नसेल? माझ्या सासऱ्यांचं बायपासनंतर असंच झालेलं, गोळ्या सुरू केल्यावर चार महिन्यांत माणसात आले. एकदा त्या बाजूनं पण विचारून बघा डॉक्टरांना.

भुईकोट

मला तरी यात कोडं दिसत नाही. गड्डा डोळ्यापुढं आणायचा तर आधी बघितलेले गड्डे आठवायला पाहिजेत. ते आठवत नसतील तर आणणार कुठून? पीठच नाही तर भाकरी कशाची थापणार.

जेकॉर्ड_अशोकचौक

@शेंगाचटणी, विचारलं होतं, ते तपासलंय. उदास नाहीत. खाणंपिणं चांगलं, हसतात, नातवाला चिडवतात.

@भुईकोट, मी पण आधी हेच म्हटलं. पण पीठ आहे ना! नंदीध्वज किती, सात. लिंगं किती, अडुसष्ट. होमप्रदीपन कुठल्या दिवशी, कप्पडकळी कुठल्या दिवशी, सगळं बिनचूक सांगतात. त्यांना गड्डा माहीत आहे. पण "तुम्ही एका वर्षी मला खांद्यावर घेतलं आणि माझी चप्पल गर्दीत पडली" हे म्हटलं तर नुसते बघतात. एकही विशिष्ट गड्डा सांगता येत नाही.

न्यूरो_पीजी

तुमच्या शेवटच्या दोन ओळींत सगळं आलंय. जरा सविस्तर लिहिते, कारण हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे.

एंडेल टुल्व्हिंग नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७२ मध्ये आठवणींचे दोन प्रकार मांडले. एक माहितीची आठवण, म्हणजे नंदीध्वज सात असतात. दुसरी प्रसंगाची आठवण, म्हणजे त्या वर्षी माझी चप्पल पडली होती आणि मी रडत होतो. पहिलीत तुम्ही स्वतः नसता, दुसरीत असता. टुल्व्हिंगकडं कॅनडातला एक पेशंट होता, केसी या आद्याक्षरांनी तो ओळखला जातो. १९८१ मध्ये मोटरसायकलचा अपघात झाला आणि मेंदूला जबर मार बसला. त्याला बुद्धिबळ खेळता येत होतं, घराचा नकाशा माहीत होता, अपघाताआधी शिकलेलं ज्ञान बऱ्यापैकी शाबूत होतं. पण आयुष्यातला एकही प्रसंग "हा माझ्यावर घडला" असा आठवत नव्हता. टुल्व्हिंगनं विचारलं, उद्या काय करणार? काहीच सांगता येईना. मनात काय आहे विचारल्यावर तो म्हणाला, ब्लँक. आणि मागचं आठवायला गेल्यावर जसं कोरं वाटतं अगदी तसंच पुढचा विचार करताना वाटतं असंही त्यानं सांगितलं. १९८५ च्या लेखात हे छापलेलं आहे. तुमच्या अप्पांचा शब्द वाचला आणि अंगावर काटा आला.

नंतर २००७ मध्ये लंडनला डेमिस हसाबिस आणि एलेनॉर मॅग्वायर यांनी पाच पेशंट घेतले, सगळ्यांच्या हिप्पोकॅम्पसला इजा. त्यांना भूतकाळाबद्दल काही विचारलंच नाही. नवीनच काहीतरी कल्पना करा म्हटलं, समजा तुम्ही एका सुंदर खाडीत पांढऱ्या वाळूवर पडला आहात, काय दिसतंय ते सांगा. धडधाकट माणसं भराभर सांगतात, डावीकडं माडाची झाडं, मागं झोपडी, पायाला गरम वाळू. या पेशंटांपैकी बहुतेकांचं वर्णन तुटक आलं. आकाश निळं आहे. वाळू आहे. समुद्राचा आवाज आहे. पण कशाच्या शेजारी काय, आपण कुठं उभे, ते जुळत नव्हतं. अप्पांचं "गर्दी असती, नंदीध्वज असतात" हे जवळजवळ त्याच जातीचं उत्तर आहे. वस्तू आहेत, जागा उभी राहत नाही.

(हे तेच हसाबिस, ज्यांना २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, प्रोटीनच्या रचनेवरच्या कामासाठी. त्याआधी ते आठवणींवर पीएचडी करत होते.)

टमटम_सातरस्ता

ताई भारी लिवलंय. पण हिप्पोकॅम्पस म्हंजी नेमकं काय ओ?

न्यूरो_पीजी

कानाच्या वर, मेंदूच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडं एकेक. आकार साधारण करंगळीएवढा आणि वळलेला, म्हणून जुन्या शरीरशास्त्रज्ञांना समुद्रघोडा आठवला आणि ग्रीकमधलं तेच नाव पडलं.

आता काम. एखादा प्रसंग मेंदूत एका डब्यात ठेवलेला नसतो. बघितलेलं डोक्याच्या मागच्या भागात, ऐकलेलं बाजूच्या भागात, वास वेगळीकडं, भीती-आनंद वेगळीकडं. हिप्पोकॅम्पस कशाबरोबर काय होतं याचा धागा धरून ठेवतो आणि आठवताना ते तुकडे परत एकत्र ओढतो. म्हणजे आठवणं हे दरवेळी नव्यानं जुळवणं आहे. आणि जुळवायचं यंत्र एकदा हाताशी असलं की जुनेच तुकडे वेगळ्या क्रमानं लावले की जे घडलंच नाही ते पण दिसतं. हीच कल्पना. स्कॅनरमध्ये माणसांना एकदा मागचा प्रसंग आठवायला आणि एकदा पुढचा प्रसंग कल्पायला सांगितलं तर मेंदूचे बरेचसे तेच भाग कामाला लागतात, हे हार्वर्डच्या डॅनियल शॅक्टर आणि डोना रोज अ‍ॅडिस यांनी दाखवलं, ते पण २००७ मध्येच.

जेकॉर्ड_अशोकचौक

म्हणजे मागावरच्यासारखं. सूत तेच, कार्डं बदलली की नक्षी बदलते. आणि कार्डांची माळच तुटली तर गोदामात सूत कितीही असू दे, चादरीवर मोर उतरत नाही.

न्यूरो_पीजी

हे मी वर्गात सांगणार आहे, तुमची परवानगी गृहीत धरते.

पूर्वभाग_पोरगी

आठवण दरवेळी नव्यानं जुळवली जाते यावर आमच्या घरातला किस्सा. जून २०२३ मध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, अख्खं सोलापूर गच्चीवर होतं. माझा धाकटा भाऊ आजही शपथेवर सांगतो की तो आमच्या गच्चीवर माझ्या शेजारी उभा होता, चिमणी आधी कमरेत वाकली, मग धुरळा, आणि शेजारच्या काकू "अगं बाई" म्हणून ओरडल्या. सगळं बरोबर आहे. फक्त तो त्या दिवशी पुण्यात होता, परीक्षा होती त्याची. मी व्हिडिओ काढून त्याला पाठवला आणि त्या व्हिडिओत काकूंचा आवाज आहे! व्हॉट्सअ‍ॅपवरचं त्याचंच उत्तर दाखवलं, "मी असायला पाहिजे होतो यार". तरी म्हणतो मला पायाखालची गरम गच्ची आठवते.

भांडण झालं नाही पण त्याचा चेहरा बघण्यासारखा झालेला. खोटं बोलत नव्हता तो. त्याला खरंच आठवतं.

टमटम_सातरस्ता

हे आमच्या मित्राला पण होतंय. मी उसने दिलेले पाचशे परत केल्याचं त्याला स्पष्ट आठवतंय 😄

मास्तर_नवीपेठ

@पूर्वभाग_पोरगी, तुमच्या बंधूंनी व्हिडिओ, तुमच्या तोंडून ऐकलेलं आणि रोजची ओळखीची गच्ची, अशा तीन खऱ्या गोष्टींतून एक न घडलेला प्रसंग तयार केला. अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस यांनी नव्वदच्या दशकात हेच करून पाहिलं. चोवीस जणांना घरच्यांकडून घेतलेले लहानपणीचे तीन खरे प्रसंग आणि एक खोटा वाचायला दिला, की तुम्ही पाच-सहा वर्षांचे असताना मोठ्या बाजारात हरवला होतात. साधारण चौथ्या हिश्श्याच्या लोकांनी तो खोटा प्रसंग पूर्ण किंवा थोडाफार आपलाच म्हणून स्वीकारला, काहींनी वर तपशीलही घातले.

त्याच्याही आधी १९३२ मध्ये केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी लिहून ठेवलं होतं की आठवणं ही रचना आहे. त्यांनी इंग्रज विद्यार्थ्यांना उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा वाचायला दिली आणि पुन्हापुन्हा सांगायला लावली. दर खेपेला गोष्ट आखूड होत गेली आणि त्यांच्या ओळखीच्या जगासारखी होत गेली. मूळच्या होडीची, म्हणजे कनूची, साधी बोट झाली.

मी शिक्षक होतो, बत्तीस वर्षं. मुलं धडा पाठ करून येतात आणि आपल्या शब्दांत सांगा म्हटलं की अडतात, त्यांना मी रागवायचो. आता वाटतं की आपल्या शब्दांत सांगताना चुकणारा मुलगा जास्त काम करत होता. पतंजलींनी चित्ताच्या पाच वृत्ती सांगितल्या त्यात विकल्प, म्हणजे कल्पना, आणि स्मृती शेजारी-शेजारी बसवल्यात, मध्ये फक्त निद्रा. तो क्रम मी आयुष्यभर शिकवला आणि त्याचा विचार आज करतोय.

भुईकोट

थांबा, सगळे एकाच दिशेला पळताय. मी काल रात्री शोधून वाचलं. २०१० मध्ये सॅन डिएगोच्या लॅरी स्क्वायर यांच्या गटानं असेच पेशंट तपासले, इजा फक्त हिप्पोकॅम्पसपुरती, आणि त्यांना पुढचे प्रसंग चांगले कल्पता आले! मग? कदाचित हसाबिसच्या पेशंटांची इजा आणखी पसरलेली असेल. आणि ज्यांना जन्माच्या वेळी किंवा लहानपणीच तिथं इजा झाली अशी काही मुलं मोठी झाल्यावर कल्पना करू शकतात हे पण वाचलं. तेव्हा "हिप्पोकॅम्पस गेला की कल्पना गेली" असं सरळ समीकरण मला मान्य नाही.

न्यूरो_पीजी

बरोबर आक्षेप आहे आणि हा वाद अजून मिटलेला नाही. त्यावर हसाबिस-मॅग्वायर बाजूचं म्हणणं असं की पेशंटांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये काही भाग जिवंत उरला असेल तर तो काम चालवून नेतो, आणि लहानपणी इजा झालेल्यांनी माहितीच्या जोरावर कल्पना रचायची दुसरी वाट शिकून घेतलेली असते. हर्पीसच्या एन्सेफलायटिसमध्ये तर इजा हिप्पोकॅम्पसवर थांबतच नाही, कानशिलाजवळच्या आसपासच्या भागातही जाते. त्यामुळं अप्पांच्या बाबतीत नेमकं कशामुळं काय गेलं हे फोरमवर बसून मी सांगणार नाही. पण आठवण आणि कल्पना एकमेकींना धरून आहेत यावर दोन्ही बाजूंचं एकमत आहे. वाद आहे तो समुद्रघोड्याचा त्यात वाटा किती यावर.

टमटम_सातरस्ता

आता माझं ऐका. मी एकोणीस वर्षं झाली रिक्षा चालवूलालो. गिऱ्हाईक बसलं आन "विजापूर रोड, अमुक नगर" म्हणलं की माझ्या डोसक्यात रस्ता चालू होतंय, गाडी चालू व्हायच्या आदी. सात रस्त्याला ट्राफिक असंल तर दुसरीकडून वळलेलं पण दिसतंय, न जाताच. नव्या पोरांना मोबाईलवर बाई सांगती डावीकडं वळा. त्यांना रस्ता येतोय का? तर नाई. मोबाईल बंद पडला की पोरगं रस्त्यात हुबं. तर माझा सवाल असा हाय की ह्ये माझं आठवणं हाय की कल्पना हाय?

न्यूरो_पीजी

दादा, हा प्रश्न उंदरांना विचारून झालाय! १९७१ मध्ये जॉन ओकीफ यांनी उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशी शोधल्या की उंदीर खोलीच्या एका ठरावीक जागी आला की ठरावीक पेशी बोलते. जणू नकाशाच. २०१४ चं नोबेल त्यावर. पुढं २००७ मध्ये असं दिसलं की उंदीर दोन वाटा फुटतात तिथं थांबून इकडं-तिकडं मान वळवतो तेव्हा त्याच्या डोक्यात आधी एका वाटेच्या, मग दुसऱ्या वाटेच्या पेशी क्रमानं पेटतात. पाय जागेवर, आणि डोकं पुढं जाऊन येतं. तुमचं सात रस्त्याला न जाताच वळणं हे तेच. आठवण आणि कल्पना दोन्ही एकाच दमात.

लंडनच्या टॅक्सीवाल्यांना परवान्यासाठी शहरातले सुमारे पंचवीस हजार रस्ते तोंडपाठ करावे लागतात. त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो, मॅग्वायर यांनी २००० मध्ये दाखवलं. जितकी वर्षं टॅक्सी चालवली तितका जास्त.

टमटम_सातरस्ता

बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणली मग भाजी आणायची तेवढी कशी इसरतंय.

शेंगाचटणी

😂😂

सिद्धेश्वरतळं

मी नेहमी फक्त वाचणारी, पण हे लिहावंसं वाटलं. मला डोळे मिटले की काहीच दिसत नाही. अंधार. लोक म्हणतात आईचा चेहरा डोळ्यापुढं आणा, मला वाटायचं ही बोलायची पद्धत आहे. चाळिशीत कळलं की बाकीच्यांना खरंच दिसतं! याला अफँटेशिया नाव आहे, २०१५ मध्ये अ‍ॅडम झेमन यांनी दिलं. गाल्टन यांनी तर १८८० मध्येच लोकांना विचारलं होतं की सकाळचं न्याहारीचं टेबल डोळ्यापुढं आणा, किती स्पष्ट दिसतं, आणि काहींनी सांगितलं काहीच नाही.

पण मी बेत करते. पोरीच्या लग्नाचा हॉल, जेवणाची पंगत, सगळं मी ठरवलं आणि नीट पार पडलं. मला ते दिसलं नाही, मला ते "माहीत" होतं, म्हणजे इथं दार, तिथून माणसं येणार, मग इथं गर्दी होणार. तेव्हा कल्पना म्हणजे चित्रच असं धरून चालू नका एवढंच सांगायचंय. अप्पांना "काय दिसतंय" विचारण्याऐवजी "दार कुठल्या बाजूला आहे" असं विचारून बघा ना.

जुने प्रसंग मला बाकीच्यांपेक्षा कमी तपशीलात आठवतात हे मात्र खरं आहे. वडील जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांचा आवाज आठवतो. चेहऱ्यासाठी फोटो लागतो.

भुईकोट

@सिद्धेश्वरतळं तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझा पीठ-भाकरीचा मुद्दा मागं घेतो.

शेंगाचटणी

विषय निघालाच आहे तर, दारूकाम बघायला खरंच जागा कुठली चांगली? आम्ही दरवर्षी धूर खातो.

टमटम_सातरस्ता

लांबून बघा, तळ्याकडून. पाण्यात पण दिसतंय, डबल.

मास्तर_नवीपेठ

आणि घोंगडं न्या. संक्रांतीची थंडी तळ्याकाठी जास्तच वाजते.

आईची_लेक

मूळ मुद्द्यावर येते. माझ्या आईला सात वर्षं विस्मरण होतं, कारण वेगळं, पण घरातले हाल तेच. पहिलं वर्षभर मी तिची परीक्षा घ्यायचे. काल कोण आलं होतं? आज वार कोणता? प्रेमापोटीच, पण तिला दिवसातून वीस वेळा नापास केलं. तुमच्या "पोचलोय असं समजा, काय दिसतंय" वर अप्पा भिंतीकडं बघत बसले हे वाचून मला माझी आई दिसली.

प्रश्न बंद केले. भिंतीवर फळा लावला, आजचा वार, जेवायला काय, कोण येणार. उद्याचं विचारायचं नाही, सांगायचं. "उद्या आपण गड्ड्याला जाणार, तुम्ही माझा हात धरणार." कोऱ्या जागेत तिला ढकलायचं नाही, आपण तिथं दोन गोष्टी मांडून ठेवायच्या. आणि हाताला काम द्यायचं. शेंगा फोडायला बसवलं की ती तासभर शांत असायची.

न्यूरो_पीजी

याला आधार पण आहे. एचएम म्हणून प्रसिद्ध पेशंट, हेन्री मोलेसन. फिट्स थांबाव्यात म्हणून १९५३ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याच्या मेंदूतला दोन्हीकडचा हा भाग काढला. पुढं २००८ ला जाईपर्यंत नवीन प्रसंग जवळजवळ राहिलेच नाहीत. पण ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली आणि तीन दिवसांत त्याचा हात सुधारला. रोज त्याला वाटायचं आपण हे पहिल्यांदा करतोय, आणि रोज आदल्या दिवशीपेक्षा चांगलं जमायचं. हाताची आठवण वेगळ्या वाटेनं जाते.

मात्र एक सांगते, आशा लावून नंतर त्रास नको. हसाबिस यांनी पेशंटांना चित्रं, आवाज, वास असे तुकडे हातात देऊनसुद्धा पाहिलं. तरी दृश्य जुळलं नाही.

जेकॉर्ड_अशोकचौक

आठ दिवसांनी लिहितोय, माफ करा. सगळं वाचलं, बायकोलाही वाचून दाखवलं. फळा लावला. प्रश्न बंद केले. त्याचा फायदा पहिल्या दोन दिवसांतच झाला, घरात चिडचिड कमी झाली, त्यात माझीच जास्त होती.

हाताला काम द्या म्हटलं म्हणून माळ्यावरची ट्रंक काढली. त्यात अप्पांचं एक अर्धवट डिझाइन मिळालं. जुना ग्राफ पेपर, कडा पिवळ्या, आठ-आठ घरांचे चौकोन, मधोमध मोर, निम्म्यापर्यंत रंगवलेला, पिसारा नुसता पेन्सिलीत. कधीचं आहे माहीत नाही. काही न विचारता त्यांच्यापुढं पाटावर ठेवलं, शेजारी पेन्सिल.

पाच मिनिटं हातच लावला नाही. मग चष्मा पुसला. उजव्या हाताचं मधलं बोट कागदावर टेकवलं आणि आठ घरं, परत आठ घरं, असं सरकवत नेलं, ओठ हलत होते. पिसाऱ्याच्या तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं. म्हणाले, "ही ओळ चुकलीय. हितं भोक पाडलं तर शेपूट तुटणार."

तुटणार! मी आत जाऊन तोंड धुऊन आलो.

मग त्यांनी दोन घरं खोडली आणि तीन भरली. ते कुठं बसून काढलं होतं, कुणासाठी, ते मी विचारलं नाही. त्यांनी आपणहून सांगितलं पण नाही. तासाभरानं कागद त्यांच्यासमोर असूनही विचारलं, हे कुणी काढलंय, चांगलं काढलंय.

भुईकोट

मोठी गोष्ट आहे ही. मागावर चढण्याआधी चादरीत काय होणार हे कागदावर दिसलं त्यांना. मी तरी याला कल्पनाच म्हणेन.

न्यूरो_पीजी

मी जरा सावध राहीन. चाळीस वर्षांची हाताची आणि नजरेची विद्या आहे ती. चादर समोर आहे, ते स्वतः त्यात नाहीत. गड्ड्यात स्वतःला उभं करणं त्याहून वेगळं आहे आणि तिथली कोरी जागा याच्यानं भरेल असं मी म्हणणार नाही. पण @सिद्धेश्वरतळं म्हणाल्या तसं पुढचं कळायला चित्र दिसावंच लागतं असं नाही, आणि "तुटणार" हा शब्द त्यांना सापडला हे मी विसरणार नाही. चालू ठेवा. रोज तीच जागा, तोच पाट, तीच वेळ.

आईची_लेक

आणि खोडरबर मोठा द्या. बारीक धरता येत नाही या वयात.

जेकॉर्ड_अशोकचौक

दिला. रोज चारला बसतात. मोराचा पिसारा आता दोन ओळी राहिलाय, म्हणून विचारतो, पूर्व भागात कुणाकडं जुना डिझाइनचा ग्राफ पेपर आहे का? आता सगळं कॉम्प्युटरवर होतं, दुकानात शाळेचा मिळतो, त्याची घरं वेगळी, अप्पा बघून बाजूला सारतात.

पूर्वभाग_पोरगी

साखर पेठेत आमच्या कारखान्याच्या माळ्यावर दोन बंडलं पडलीत, आजोबांच्या वेळची. सगळी कोरी. सुट्टीच्या दिवशी या, माग चालू असले की बोललेलं ऐकू येत नाही. अप्पांना पण आणा, कार्डाचा एक जुना माग अजून उभा आहे.

टमटम_सातरस्ता

किती वाजता निघायचं तेवढं सांगा. अशोक चौकात येऊन थांबतो. पैशाचं बोलू नका.